मोजपट्टी लावणारे केंद्र : सोलापुरातील गुडघ्याच्या फिजिओथेरपीविषयी एक अभिप्राय

सोलापुरात सात रस्त्याजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर एक फिजिओथेरपी केंद्र आहे. गेल्या दीड वर्षात मी तेथे शंभराहून अधिक वेळा गेलो असेन. आधी माझ्या डाव्या गुडघ्यासाठी आणि नंतर अम्माच्या, म्हणजे माझ्या आईच्या, दोन्ही गुडघ्यांसाठी. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी काही तक्रारी आहेत आणि त्या मी तेथील फिजिओथेरपिस्ट मॅडमना समक्ष सांगितलेल्या आहेत. शिवाय ज्यांना गुडघ्यासाठी असे ठिकाण निवडायचे आहे, त्यांना नावापेक्षा तेथे नेमके काय चालते हे कळणे जास्त उपयोगाचे ठरेल.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला टेबलावर पाय लांब करून बसवले, शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप काढली, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटरवर बॉलपेनाने दोन्ही मांड्यांवर खूण केली आणि घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटरने बारीक भरली. मग प्लास्टिकचा कोनमापक लावून गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो हे पाहिले, तेही दोन्ही बाजूंचे, आणि सगळे आकडे तारखेसह एका फाईलमध्ये लिहिले. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. आमच्याकडे जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, हे मोजल्याशिवाय टॉवेलचा गठ्ठा बाहेर जात नाही. पण त्याआधीचे पाच आठवडे माझ्या गुडघ्याला कोणी मोजपट्टी लावली नव्हती. या केंद्राविषयी माझे जे चांगले मत झाले, त्याची सुरुवात त्या पिवळ्या टेपपासून आहे.

ते पाच आठवडे कसे गेले हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळताना उडी मारून उतरलो, पाय जमिनीवर टेकला, अंग उजवीकडे वळले आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, जो समोरच्या खेळाडूलाही ऐकू गेला. दोन तासांच्या आत गुडघा नारळाएवढा सुजला. ज्या दवाखान्यात मी प्रथम गेलो तेथे एक्स-रे काढला, हाड शाबूत असल्याचे सांगितले, ‘मुका मार आहे’ असे निदान झाले आणि क्रेप बँडेज बांधून तीन आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. आता मला कळते की दुखापतीनंतर काही तासांत गुडघ्यात भरलेली सूज ही बहुतेक वेळा रक्ताची असते, आणि असे रक्त साचण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पुढचा क्रूसबंध, म्हणजे मांडीचे हाड आणि गुडघ्याखालचे नळीचे हाड यांना बांधणारा एसीएल हा अस्थिबंध, तुटणे. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. तो तुटल्याचा संशय येण्यासाठी यंत्रही लागत नाही. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने नळी पुढे ओढायची आणि ती शेवटी घट्ट अडते की नुसतीच सरकत राहते हे हाताला जाणवून घ्यायचे, एवढीच ती तपासणी आहे. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९७६ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. अर्ध्या मिनिटाचे ते काम माझ्या बाबतीत पाच आठवड्यांनी झाले, आणि तेही गोदामाची पायरी उतरताना गुडघा अचानक निसटून मी गठ्ठ्यांवर पडलो म्हणून. एमआरआयने मग फक्त शिक्कामोर्तब केले.

या उशिराची एक किंमत मला पुढे कळली. मांडीच्या हाडापासून नळीच्या माथ्याकडे तिरका उतरणारा, जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा हा अस्थिबंध तुटला की आपोआप जुळत नाही, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळी नाही तर दोन टोकांना सांधणारा पूलच तयार होत नाही, असे त्याचे कारण दिले जाते. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०२३ मध्ये ८० रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांचा गुडघा चार आठवडे ९० अंशांत वाकवून पट्ट्यात बंद ठेवला होता, आणि तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये १० पैकी ९ जणांचा अस्थिबंध जुळत असल्याची चिन्हे दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने ही पद्धत अजून सिद्ध झालेली नाही, आणि पायात गुठळ्या होण्याचा धोकाही त्यात आहे. पण हा पट्टा दुखापतीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच चढवावा लागतो. मॅडमना मी याविषयी विचारले तेव्हा त्यांनी फाईलमधल्या तारखेवर बोट ठेवले, एवढेच. मला तो पट्टा हवा होता की नाही हा पुढचा प्रश्न. तो विचारण्याची वेळ क्रेप बँडेजमध्येच संपली होती.

शस्त्रक्रिया करायची की नाही, यावर मात्र मॅडम आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघेही माझ्याशी मोकळेपणाने बोलले, आणि हे मला सोलापुरात अनपेक्षित होते. आपल्याकडे ‘लिगामेंट तुटले’ म्हटले की लगेच ‘ऑपरेशन कधी’ हा प्रश्न येतो. मला सांगितले गेले की स्वीडनमध्ये रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी १२१ तरुण रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती; एका गटाची शस्त्रक्रिया लवकर, दुसऱ्या गटाला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. २०१० मध्ये जे निष्कर्ष आले त्यांत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पाच वर्षांनंतरही व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया लागलेली नव्हती. मी लगेच हरखलो. तेव्हा मॅडमनी लक्षात आणून दिले की त्या अभ्यासातले सगळे १८ ते ३५ वयाचे होते आणि मी ३८ वर्षांचा आहे, आणि निम्म्यांना लागली नाही याचाच अर्थ निम्म्यांना लागली. नेदरलँड्समधल्या १६७ रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासातही व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी निम्मे अखेर शस्त्रक्रियेकडे वळले. ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात तर, दुखापत जुनी होऊनही गुडघा निसटत राहणाऱ्यांना शस्त्रक्रियेचाच फायदा अधिक झाला. या तीन अभ्यासांना एकत्र धरले तर हाती येते ते इतकेच: घाई नको, व्यायाम करून पाहा, आणि गुडघा दगा देत राहिला तर थांबू नका.

मी साडेतीन महिने व्यायाम केला. मांडीचा घेर दोन सेंटीमीटरने भरून आला, सूज गेली, सपाट रस्त्यावर मी विसरूनही गेलो. पण वळताना गुडघा आणखी दोनदा निसटला, एकदा तर घराच्या उंबऱ्यात, आणि ऑगस्टमध्ये मी शस्त्रक्रिया करून घेतली. मांडीच्या मागच्या बाजूच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, काढून, त्यांची घडी घालून, हाडात बोगदे पाडून त्यांतून नवा बंध ओवला जातो. आमच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या विणकराला हे समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात. शस्त्रक्रियेविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. ती दीड तासाची होती. पुढचे अकरा महिने या केंद्राचे होते.

पहिल्या दोन आठवड्यांत मॅडमचा सगळा जोर गुडघा पूर्ण सरळ करण्यावर होता, वाकवण्यावर नव्हे. नातेवाईक विचारत होते की मांडी घालून कधी बसणार, आणि मॅडम टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा हवेत लोंबकळत ठेवायला सांगत होत्या, दहा-दहा मिनिटे, दिवसातून पाच वेळा. सरळ होण्यात पाच अंश कमी पडले तरी चालताना लंगड राहते आणि मांडीचा पुढचा स्नायू कधीच पुरा जागा होत नाही. ती गुंडाळी आमच्याच कारखान्यातल्या टॉवेलची होती. हातात घेऊन मी वजनाचा अंदाज केला. साधारण साडेचारशे जीएसएमचा असावा. त्या टेबलावर पडून छताकडे पाहताना दुसरे काही सुचत नसे.

स्नायू जागा होणे ही म्हणण्याची पद्धत नाही, ती शब्दशः खरी गोष्ट आहे. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून ‘खाली दाबा’ असे सांगितले की उजव्या मांडीचा स्नायू दगडासारखा आवळत असे आणि डाव्या मांडीत काहीच होत नसे. मी दात-ओठ खाऊन दाबत असे आणि मांडी वातड पोळीसारखी तशीच पडून राही. सांध्यात द्रव साचला की मज्जारज्जूकडून त्या स्नायूला जाणारा आदेशच अडवला जातो. प्रयोगांत निरोगी गुडघ्यात २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कटिंगहूनही कमी, द्रव सोडला तरी मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावतो असे दिसले आहे. म्हणून या केंद्रात पहिल्या महिन्यात मांडीच्या स्नायूला विजेचे झटके देतात आणि त्याच क्षणी रुग्णाने स्वतःही आवळायचे असते. एका संध्याकाळी सहायक मुलगी नेहमीप्रमाणे तेलुगूत मोजत होती, ‘ओकटि, रेंडु, मूडु’, आणि नालुगु म्हणायच्या आत वाटीच्या वर कातडीखाली काहीतरी थरथरले. तिने माझा हात धरून त्या जागेवर ठेवला. घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला स्वतःची मांडी परत मिळाल्याची बातमी तेलुगूतून मिळाली, याचे मला उगीच बरे वाटले.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. सोलापुरात फिजिओथेरपी म्हणजे ‘करंट घेणे’ आणि ‘शेक घेणे’ असाच समज आहे, आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णाला वीस मिनिटे यंत्र लावून झोपवून ठेवले जाते व पैसे घेतले जातात. या केंद्रात करंट वापरतात तो स्नायू उठवण्यासाठी. संधिवाताच्या वेदनेसाठी मात्र ते यंत्र लावत नाहीत, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अशी विद्युत यंत्रे देऊ नयेत असेच सांगितले आहे. यामुळे काही रुग्ण नाराज होऊन जातात हे मी पाहिले. ‘नुसता व्यायामच करून घ्यायचा तर घरी काय वाईट होते,’ असे एक गृहस्थ जिन्यात मोठ्याने म्हणत उतरले होते.

तिसऱ्या महिन्यात माझे आणि मॅडमचे पहिले भांडण झाले. दुखणे गेले होते, जिना चढता येत होता, आणि मला सकाळी संभाजी तलावाभोवती पळायला जायचे होते. त्यांनी नकार दिला. बसवलेली कंडरा सुरुवातीला मेलेल्या दोरीसारखी असते; शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरवते, जुने धागे विरघळवते आणि नवे विणते, आणि प्राण्यांवरील अभ्यासांत दिसते की या उलाढालीच्या मधल्या काळात, म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, ती सर्वांत कमकुवत असते. माणूस जेव्हा ‘आता बरा झालो’ म्हणतो नेमके तेव्हाच आतली वीण सर्वांत विरळ असते. पळणे चौथ्या महिन्याच्या अखेरीस सुरू झाले, तेही सूज नसल्याची खात्री करून आणि केंद्राच्या गच्चीवर.

भिंतीवर देवदेवतांची चित्रे असतात त्या जागी या केंद्रात एक हाताने लिहिलेला तक्ता लावला आहे. त्यावर हेगे ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांच्या नॉर्वेतील अभ्यासाचे आकडे आहेत. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. आणि परतण्याआधीच्या ताकदीच्या व उड्यांच्या चाचण्यांत न उतरता खेळायला गेलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जखमी झाले, तर उतरून गेलेल्यांपैकी ५.६ टक्के. अभ्यास लहान आहे, हे मॅडम स्वतःच सांगतात. तरी त्यांनी आपला नियम त्यावरूनच केला आहे: नऊ महिन्यांआधी नाही, आणि नऊ महिने झाले तरी दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के भरल्याशिवाय नाही.

माझे नऊ महिने मे महिन्यात भरले. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या घरात होता, वीज गेलेली होती, आणि मी एका पायावर लांब उड्या मारत होतो. उजवा पाय १३८ सेंटीमीटर, डावा ११२. म्हणजे ८१ टक्के. मॅडमनी खडूची रेघ पुसली आणि ‘दोन महिन्यांनी’ म्हणाल्या. मी रागावलो, कारण माझ्याबरोबरच पुण्यात शस्त्रक्रिया झालेला मावसभाऊ सहा महिन्यांत क्रिकेट खेळू लागला होता, आणि त्याला तशी परवानगी त्याच्या डॉक्टरांनीच दिली होती. खरे सांगायचे तर मी आठ दिवस केंद्रात गेलोच नाही. नवव्या दिवशी सहायक मुलीचा फोन आला, ‘सर, तुमची वेळ रिकामी जाते आहे, दुसऱ्याला देऊ का?’ आणि मी गेलो. जुलैत डावा पाय १२७ वर गेला, म्हणजे ९२ टक्के, आणि मांडीची ताकद ९१. मावसभावाचा गुडघा अजून ठणठणीत आहे, हेही लिहायला हवे. एका माणसाच्या नशिबावरून कोणताच तक्ता खोटा ठरत नाही, पण सहा महिन्यांत परतलेला प्रत्येकजण मोडतोच असेही नाही.

डिसेंबरमध्ये, माझा पाचवा महिना चालू असताना, केंद्रात एक पंचेचाळिशीचे गृहस्थ येऊ लागले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाच्या सात नंदीध्वजांपैकी एक उचलणाऱ्या मंडळींतले ते होते. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी: मकर संक्रांतीच्या सुमारास ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेत हे उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने, अनवाणी, तोल सांभाळत नेले जातात आणि त्याचा सराव आधीपासून चालतो. त्यांच्या गुडघ्यातली आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, वयोमानाने फाटली होती. कोणीतरी त्यांना दुर्बिणीतून फाटका भाग कापून टाकायला सांगितले होते, म्हणजे संक्रांतीपर्यंत मोकळे होता येईल. मॅडमनी त्यांना फिनलंडचा अभ्यास सांगितला, आणि तो सांगताना मी शेजारच्या टेबलावर होतो. गादी अशीच झिजून फाटलेले १४६ रुग्ण, निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया, निम्म्यांना दुर्बीण आत घालून तपासून काही न कापता टाके घातले, आणि कोणाचे काय झाले हे रुग्णांना सांगितले नाही. एका वर्षानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. हे २०१३ मध्ये छापून आले. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे मॅडम, नुसते टाके घालूनही लोकांना बरे वाटले?’ त्यांचा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांहून चांगला होता. त्या संक्रांतीला त्यांनी ध्वजाला हात लावून नमस्कार केला आणि बाजूने चालत राहिले, असे नंतर कळले. पुढच्या वर्षीसाठी त्यांच्या फाईलमध्ये मांडीच्या ताकदीचा एक आकडा लिहून ठेवला आहे.

आता अम्माविषयी. तिने वयाच्या बाराव्या वर्षापासून साठीपर्यंत विड्या वळल्या, मांडीवर सूप ठेवून, जमिनीवर, रोज आठ-दहा तास. आता ती ६६ वर्षांची आहे, एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूची फट अरुंद झालेली दिसते आणि १९५७ पासून चालत आलेल्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांच्या ० (झीज नाही) ते ४ (सर्वाधिक झीज) या प्रतवारीत तिचे गुडघे ३ वर आहेत. गल्लीत याला ‘वंगण संपले’ म्हणतात. हे वंगण भरून देण्याच्या नावाखाली एका ठिकाणी तिला स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या, म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेल्या रक्तद्रवाच्या, तीन इंजेक्शनांचे पॅकेज सांगितले गेले होते, आणि त्या पैशांत तिचे सहा महिन्यांचे औषधपाणी झाले असते. मी मॅडमना विचारले. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर हाच प्रयोग झाला आहे: निम्म्यांना आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शने, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. एका वर्षाने वेदनेत फरक नाही, कूर्चा झिजण्यातही फरक नाही. २०२१ चा हा निष्कर्ष सौम्य ते मध्यम झिजेबद्दलचा आहे, म्हणजे नेमका अम्माच्या गटाबद्दलचा. दुर्बिणीतून ‘सांधा धुऊन घेण्याचा’ सल्लाही तिला मिळाला होता. त्याविषयी तर ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर केलेला २००२ चा प्रसिद्ध अभ्यास आहे, आणि त्यातही खोट्या शस्त्रक्रियेने तेवढाच आराम पडला.

अम्माला केंद्राने जे दिले ते पाहून ती स्वतःच हिरमुसली: खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला पाठ लावून अर्धे खाली सरकणे, मांडीला रबरी पट्टा बांधून बाजूला पावले टाकणे. शिवाय पाट सोडून खुर्ची, आणि पाच किलो वजन कमी. वजनाचा हिशेब तिला मी माझ्या भाषेत सांगितला. २००५ च्या एका अभ्यासानुसार अंगावरचे एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. ‘एकाला चार? एवढे व्याज कोण देते,’ असे म्हणून तिने रात्रीची दुसरी भाकरी बंद केली. तिचे गुडघे बरे झालेले नाहीत आणि होणारही नाहीत. सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटे ते अजूनही आखडतात. पण अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते हा आकडा सहावरून अकरावर गेला आहे, आणि तिला आता तो आकडा पाठ असतो.

तक्रारी अशा. गुडघ्याच्या रुग्णांसाठीचे केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, एकोणीस उंच पायऱ्या चढून, आणि कठडा एकाच बाजूला, हे मला दीड वर्षात एकदाही समजू शकले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मला दोघांनी खुर्चीत बसवून वर नेले. ‘जिना हाही व्यायामच’ हे उत्तर गमतीत दिले तरी पटणारे नाही, कारण ज्यांना हा व्यायाम झेपत नाही ते वर येतच नाहीत आणि मॅडमना ते कधी दिसतच नाहीत. दुसरे, वेळ. साडेसहाची वेळ दिली की सव्वासातला टेबल मिळते. मे महिन्यात पंख्याखाली बसून वाट पाहणे म्हणजे शिक्षा आहे. तिसरे, स्त्रियांसाठी वेगळी खोली नाही, नुसता पडदा आहे, आणि तो पुरेसा लांब नाही. अम्माने पहिले दोन दिवस याच कारणाने साडी गुडघ्यावर घेऊ दिली नाही आणि ते दोन दिवस वाया गेले. आणि चौथे, सगळे आकडे कागदी फाईलमध्ये आहेत. माझी फाईल एकदा दुसऱ्याच रुग्णाच्या नावाने निघाली होती, आणि मोजण्यावर इतका भर देणाऱ्या ठिकाणी हे अधिक खटकते.

फी एका वेळेची चारशे रुपये आहे, दहा वेळांचे एकदम भरले तर साडेतीन हजार. ज्यांना महिनाभरात दहा वेळा येणे परवडत नाही, त्यांना मॅडम आठवड्यातून एकदा बोलावून बाकीचे घरी करायला लिहून देतात, आणि ते लिहिलेले पुढच्या खेपेला तपासतात. विडी कामगार बायकांना त्या याच पद्धतीने पाहतात, हे मला अम्मामुळे कळले. घाईने बरे व्हायचे आहे, यंत्राखाली पडून राहायला आवडते किंवा आधीच इंजेक्शनचे पैसे भरले आहेत, अशांनी येथे येऊ नये. त्यांची आणि मॅडमची पहिल्याच दिवशी कुरबुर होईल. येणाऱ्यांनी सकाळी सात ते आठची वेळ मागून घ्यावी, कारण तेव्हा गर्दी नसते आणि गच्ची तापलेली नसते. सोबत जुना एक्स-रे, एमआरआयची सीडी, सैल चड्डी आणि स्वतःचा टॉवेल न्यावा. केंद्रातले टॉवेल धुतलेले असतात, पण आता पातळ झाले आहेत.